उणे २६३ अंशांतलं रसायन

हायड्रोजनचे दोन अणू जोडले की हायड्रोजनचा रेणू होतो, हे शाळेत सगळेच शिकतात. रसायनशास्त्रात याहून साधी गोष्ट नाही. पण ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या अवकाशात हीच साधी गोष्ट घडता घडत नाही. तिथे हायड्रोजनचे दोन अणू समोरासमोर आले, तर ते एकमेकांवर आदळतात आणि पुन्हा वेगळे होऊन आपापल्या वाटेने निघून जातात. आणि तरीही आपल्या आकाशगंगेत हायड्रोजनच्या रेणूंचे अवाढव्य ढग आहेत, नवे तारे त्याच ढगांमधून जन्माला येतात. मग ही जोडी जमली कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता खगोलशास्त्र धुळीपर्यंत पोचलं. निरीक्षणाच्या आड येते म्हणून खगोलशास्त्रज्ञ जिच्या नावाने बोटं मोडत होते, त्याच धुळीपर्यंत.

अडचण आहे ती ऊर्जेची. दोन अणूंमध्ये बंध तयार होतो तेव्हा साडेचार इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा मोकळी होते. ती ताबडतोब बाहेर टाकली नाही, तर तिच्याच धक्क्याने बंध तुटतो. बरेचसे रेणू अशी ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकू शकतात. हायड्रोजनच्या रेणूला ते जवळजवळ जमत नाही, कारण त्याचे दोन्ही भाग अगदी सारखे असतात, विद्युतभाराचा तोल कुठल्याच बाजूला झुकलेला नसतो. शिवाय त्याच्या हाताशी वेळही नसतो. सेकंदाचे शंभर लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एखाद-दुसऱ्या भागात सगळा निकाल लागतो.

पृथ्वीवर ही अडचण जाणवत नाही, कारण इथे गर्दी आहे. आपल्याभोवतीच्या हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये २५ या आकड्यापुढे १८ शून्यं द्यावीत इतके रेणू असतात. दोघांची टक्कर होत असताना तिसरा येऊन धडकतो आणि जादा ऊर्जा घेऊन जातो. आंतरतारकीय अवकाशातल्या विरळ भागात मात्र एका घनसेंटिमीटरमध्ये कसाबसा एखादा अणू असतो. ज्यांना खगोलशास्त्रज्ञ दाट ढग म्हणतात, त्यांच्यातही ही संख्या दहा हजार ते काही लाखांच्या घरात असते. प्रयोगशाळेत चांगले पंप लावून केलेल्या निर्वातातही एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण तीसेक लाख रेणू उरतात. म्हणजे आकाशातला 'दाट' ढग आपल्या अशा निर्वातापेक्षाही विरळ आहे. तिथे नेमक्या त्या क्षणी तिसरा कुणी येऊन धडकावा, याची वाट विश्वाच्या वयाइतकी पाहिली तरी पुरायची नाही.

म्हणून तिसरा गडी जागेवर हजर असावा लागतो. ते काम धुळीचा कण करतो. गावात आलेला माणूस जसा पारावर टेकतो, दुसरा येईपर्यंत थांबतो आणि मग दोघांची गाठ पडते, तसा एक अणू कणावर येऊन चिकटतो आणि पृष्ठभागावर इकडेतिकडे सरकत राहतो. पुढे दुसरा अणू येतो. दोघं भेटतात, जोडले जातात आणि जादा ऊर्जा तो घन कण शोषून घेतो. काही ऊर्जा नव्या रेणूच्या वाट्याला येते आणि तिच्या जोरावर तो कणावरून सुटून पुन्हा अवकाशात जातो.

हा कण डोळ्यांना दिसणारा नव्हे. त्याचा आकार साधारण मायक्रॉनचा दहावा भाग, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. सिगारेटच्या धुरातले कण साधारण याच मापाचे असतात. गाभा सिलिकेटचा, म्हणजे आपल्या खडकांत असतं तशाच खनिजाचा, नाहीतर कार्बनचा. ताऱ्यांमधल्या एकूण द्रव्यात धुळीचा वाटा वजनाने जेमतेम एक टक्का आहे. उरलेला ९९ टक्के वायू.

या एका टक्क्याने खगोलशास्त्रज्ञांना बराच काळ चकवलं. अमेरिकेतले एडवर्ड इमर्सन बर्नार्ड नॅशव्हिलमध्ये अत्यंत गरिबीत वाढले, नवव्या वर्षापासून फोटो स्टुडिओत कामाला लागले आणि पुढे आकाशाच्या छायाचित्रणातले उस्ताद झाले. आकाशगंगेच्या त्यांच्या छायाचित्रांत ताऱ्यांच्या दाटीमध्येच काळे, रिकामे डाग दिसत. तिथे तारेच नाहीत की तारे असून काहीतरी आड आलंय, याबद्दल सुरुवातीला त्यांचीही खात्री नव्हती. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ काळ्या डागांची यादी प्रसिद्ध केली, तोवर आड येणाऱ्या द्रव्याकडे त्यांचा कल झुकला होता. १९३० मध्ये लिक वेधशाळेतले रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी शंकेला जागा ठेवली नाही. त्यांनी तारकागुच्छांची अंतरं दोन पद्धतींनी काढली: गुच्छाच्या आकारावरून आणि ताऱ्यांच्या तेजावरून. दोन्ही उत्तरं जुळेनात. लांबचे गुच्छ असायला हवेत त्यापेक्षा फिकट दिसत होते. त्याचं कारण एकच होतं. वाटेत सगळीकडे बारीक धूळ पसरली होती आणि ती प्रकाश खात होती.

ही धूळ येते मुख्यतः म्हाताऱ्या ताऱ्यांकडून. आयुष्याच्या अखेरीस तारा फुगतो, त्याचे बाहेरचे थर अवकाशात उधळले जातात आणि ताऱ्यापासून दूर जाताना थंड होऊन त्यांतून खनिजांचे कण गोठतात. काही धूळ ताऱ्यांच्या स्फोटातूनही तयार होते. अशी धूळ तयार होताना साध्या डोळ्यांनी पाहायची संधी अलीकडेच सगळ्या जगाला मिळाली. मृग नक्षत्रातला काक्षी हा लालसर तारा २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला आणि २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत इतका फिका पडला की नेहमी आकाश पाहणाऱ्यांना तो चटकन ओळखू येईना. तो आता फुटणार अशा बातम्याही झळकल्या. प्रत्यक्षात काक्षीने वायूचा एक लोट बाहेर टाकला होता. त्याच्या पृष्ठभागाचा काही भाग थंडावला, तेव्हा त्या वायूची धूळ झाली आणि तिने ताऱ्याचा प्रकाश अडवला. काही महिन्यांत काक्षी पूर्ववत झाला.

धुळीच्या कणावर रसायन घडत असेल, ही कल्पना नेदरलँड्समधल्या हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४० च्या दशकात नीट मांडली. थंड कणावर ऑक्सिजन, कार्बन, नायट्रोजनचे अणू चिकटत असतील, त्यांना हायड्रोजन येऊन मिळत असेल आणि पाणी, मिथेन, अमोनिया यांचा बर्फ साचत असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. याच माणसाने १९४४ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, आणखी एक भाकीत केलं होतं. एकटा हायड्रोजन अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओलहर सोडतो आणि ती पृथ्वीवरून पकडता येईल, हे ते भाकीत. १९५१ मध्ये ती लहर सापडली. आज पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला असलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन याच लहरीवरून शोधते. पण अणूंची जोडी जमून रेणू झाला की ती २१ सेंटिमीटरची खूण नाहीशी होते. थंड ढगातला हायड्रोजनचा रेणू जवळपास मुका असतो. म्हणूनच विश्वात सगळ्यांत जास्त संख्येने असलेला हा रेणू सापडायला १९७० साल उजाडावं लागलं.

त्याआधी, १९६३ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातले एडविन साल्पीटर यांनी रॉबर्ट गूल्ड यांच्यासह गणित मांडून दाखवलं होतं की धुळीच्या कणांवर हायड्रोजनचे रेणू भरपूर तयार होऊ शकतात. पुढे डेव्हिड हॉलनबाख यांच्यासोबत त्यांनी ते अधिक बारकाईने केलं. पुरावा मिळवला जॉर्ज कॅरुथर्स यांनी. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेला अतिनील कॅमेरा रॉकेटमधून वातावरणाबाहेर पाठवला, कारण हायड्रोजनच्या रेणूची खूण ज्या अतिनील किरणांत दिसते ते हवेतून खाली येतच नाहीत. रॉकेट वर असलेल्या त्या काही मिनिटांत कॅमेरा ययाती तारकासमूहातल्या एका ताऱ्याकडे रोखलेला होता. ताऱ्याच्या प्रकाशात हायड्रोजन रेणूने शोषलेल्या रेषा उमटल्या. दोन वर्षांनी कॅरुथर्स यांचाच कॅमेरा अपोलो १६ बरोबर चंद्रावर गेला. त्याबद्दल बरंच लिहिलं गेलं. १९७० च्या त्या छोट्या उड्डाणाबद्दल मात्र फारसं कुणाला माहीत नाही, आणि ही खेदाची गोष्ट आहे.

प्रत्यक्ष पृष्ठभागावर जोडी जमते हे हाताने करून बघायला आणखी सत्तावीस वर्षं गेली. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात जानफ्रांको व्हिदाली आणि व्हालेरिओ पिरोनेल्लो यांच्या गटाने ऑलिव्हीन या खनिजाचा गुळगुळीत तुकडा निर्वातात ठेवला आणि उणे २६५ अंशांच्या आसपास थंड केला. त्यावर एका बाजूने साध्या हायड्रोजनचे अणू सोडले आणि दुसऱ्या बाजूने ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे. यात एक हुशारी होती. कितीही पंप लावले तरी निर्वातात साधे हायड्रोजन रेणू थोडेफार उरतातच, त्यामुळे कुठला रेणू आधीचा आणि कुठला नवा हे कळलं नसतं. पण एक साधा आणि एक जड अणू मिळून झालेली मिश्र जोडी दिसली, तर ती त्या दगडावरच जमली असं म्हणता येणार होतं. ती दिसली.

हायड्रोजनचा रेणू तयार झाला की पुढचं बरंच रसायन वायूतच सुरू होतं. वैश्विक किरण ढगात घुसतात, रेणूंवरून इलेक्ट्रॉन उडवतात आणि त्या विद्युतभारित रेणूंच्या साखळीतून डझनावारी नवे रेणू जन्मतात. त्यातून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड ढगाची उष्णता रेडिओलहरींच्या रूपात बाहेर टाकतो, ढग थंड होतो आणि मग गुरुत्वाकर्षणाने आकसून त्याचा तारा होऊ शकतो. धूळ इथेही दुहेरी उपयोगाची आहे. ती अणूंना जागा देते आणि बाहेरून येणारे अतिनील किरण अडवून आत तयार झालेल्या रेणूंचं रक्षणही करते. विश्वात अगदी सुरुवातीला धूळ नव्हतीच, कारण ती तयार करणारे तारेच जन्मलेले नव्हते. तेव्हा हायड्रोजनचे रेणू इलेक्ट्रॉनच्या मदतीने, फार संथपणे आणि फार थोडे तयार झाले. ढग नीट थंड होईनात. म्हणूनच पहिले तारे सूर्याच्या मानाने खूप जड असावेत, असं आजचं गणित सांगतं.

पण वायूतल्या रसायनाची धाव मर्यादित आहे. पाणी ढगांमध्ये जेवढं दिसतं, तेवढं वायूत तयार होऊ शकत नाही. मिथेनॉलचं तर आणखी अडतं. तिथे पुन्हा धुळीच्या कणाकडेच यावं लागतं.

काळ्या ढगाच्या पोटात तापमान उणे २६३ अंश सेल्सियसपर्यंत उतरतं. तिथल्या एका धूलिकणावर हायड्रोजनचा सुटा अणू अंदाजे दिवसाला एखादाच येऊन पडतो. कणाच्या पृष्ठभागावर टेकायला दहा लाखांच्या आसपास जागा असतात. ऑक्सिजनचा जड अणू एका जागी पडून राहतो, हायड्रोजनचा हलका अणू मात्र त्या गारठ्यातही सरकत राहतो आणि फिरत फिरत ऑक्सिजनपाशी पोचतो. दोघांची जोडी जमते. आणखी एक हायड्रोजन येतो आणि पाण्याचा रेणू तयार होतो. दिवसाला एक पाहुणा, इतक्या संथ गतीने हे काम चालतं. पण ढगाला घाई नसते. लाखो वर्षांत कणाभोवती बर्फाचे शंभरेक थर चढतात. हा बर्फ आपल्या फ्रिजमधल्यासारखा स्फटिकरूप नसतो, त्यात रेणू कसेही अस्ताव्यस्त रचलेले असतात. मृग नक्षत्रातल्या एका तरुण ताऱ्याच्या अवरक्त प्रकाशात १९७३ मध्ये या बर्फाची खूण पहिल्यांदा स्पष्ट दिसली. व्हान डे हुल्स्ट यांचा अंदाज खरा ठरला होता.

ढग आणखी दाट झाला की वायूतला कार्बन मोनॉक्साइडही कणांवर गोठतो. पाण्याच्या बर्फावर आता कार्बन मोनॉक्साइडचा थर बसतो आणि त्याला हायड्रोजनचे अणू एकामागून एक येऊन मिळू लागतात. दोन मिळाले की फॉर्मल्डिहाइड, चार मिळाले की मिथेनॉल. कागदावर हे सोपं आहे. पण पहिला हायड्रोजन कार्बन मोनॉक्साइडला जोडायचा, तर वाटेत ऊर्जेचा एक उंचवटा ओलांडावा लागतो आणि उणे २६३ अंशांत तो ओलांडण्याइतकी ऊर्जा कुठल्याच अणूकडे नसते. इथे अणूंच्या जगाचे वेगळे नियम कामाला येतात. हायड्रोजन इतका हलका आहे की तो उंचवटा न चढता थेट पलीकडे उमटू शकतो. यालाच क्वांटम टनेलिंग म्हणतात. गारठ्यात रसायन थंडावायला हवं, पण हायड्रोजनच्या बाबतीत ते याच वाटेने चालू राहतं.

हे खरोखर घडतं का, याचा निकाल जपानमधल्या साप्पोरो शहरात लागला. होक्काइडो विद्यापीठात फक्त अतिथंड पदार्थांच्या अभ्यासासाठी एक संस्था आहे. तिथे नाओकी वातानाबे आणि आकिरा कोउची यांनी पोलादी निर्वात कक्षात धातूचा एक छोटा तुकडा दहा केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६३ अंशांपर्यंत थंड केला आणि त्यावर पाणी व कार्बन मोनॉक्साइड यांच्या बर्फाचा पातळ थर चढवला. हायड्रोजन वायूचे रेणू विद्युत ऊर्जेने फोडून सुटे अणू तयार केले आणि ते थंड करून बर्फावर सोडले. बर्फावर अवरक्त किरणांचा झोत सतत टाकलेला होता. प्रत्येक रेणू या किरणांतली ठरावीक तरंगलांबी शोषतो, त्यामुळे थरात काय कमी होतंय आणि काय वाढतंय हे तिथल्या तिथे समजत होतं. कार्बन मोनॉक्साइडची रेषा फिकी होत गेली. आधी फॉर्मल्डिहाइडची रेषा उमटली, तिच्यामागून मिथेनॉलची. ना उष्णता, ना अतिनील किरण, ना कुठला उत्प्रेरक, फक्त थंड बर्फ आणि हायड्रोजनचे अणू. २००२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे लायडन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनेही स्वतंत्रपणे त्यांना दुजोरा दिला. या क्षेत्रातले इतर प्रयोग कितीही मोठे असोत, इतका नितळ प्रयोग विरळा.

असेच बर्फ आज जगभरातल्या मोजक्या प्रयोगशाळांत तयार केले जातात. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी त्यांपैकी एक आहे.

मग कणावर तयार झालेला रेणू दुर्बिणीला दिसतो कसा? रेडिओ दुर्बिणीला रेणू ओळखू येतो तो त्याच्या गिरक्यांमुळे. वायूतला मोकळा रेणू गिरकी घेतो आणि ठरावीक लहरी सोडतो. बर्फात अडकलेल्याला ते जमत नाही. काही रेणू गारठ्यातच सुटतात. एखादा अतिनील किरण त्यांना उडवून लावतो, वैश्विक किरणाने कण क्षणभर तापतो, किंवा रेणू जुळताना मोकळी झालेली ऊर्जाच त्याला बाहेर ढकलते. पण खरी सुटका होते ती ढगाच्या पोटात तारा जन्मतो तेव्हा. आसपासची धूळ तापू लागते. उणे १७० अंशांच्या आसपास पाण्याचा बर्फही उडून जातो आणि लाखो वर्षं साचलेलं सगळं एकदम वायूत मिसळतं. म्हणूनच नवजात ताऱ्यांच्या भोवतीचे असे ऊबदार भाग रेणूंच्या शोधात सर्वांत समृद्ध ठरले आहेत. आकाशगंगेच्या केंद्राजवळ, धनू राशीच्या दिशेने असलेल्या सॅजिटेरियस बी २ या ढगातून आजवर कितीतरी नवे रेणू सापडले. त्यांत मद्यार्क आहे, तसाच २०१६ मध्ये सापडलेला प्रोपिलीन ऑक्साइडही आहे, ज्याची डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपं असतात. सूर्यासारख्या एका नवजात ताऱ्याभोवती चिलीतल्या अल्मा दुर्बिणीला २०१२ मध्ये ग्लायकॉल्डिहाइड सापडलं. हा साखरेच्या कुळातला सर्वांत साधा रेणू. अवकाशात ओळखल्या गेलेल्या रेणूंची संख्या आता ३०० च्या पुढे गेली आहे.

बर्फ उडून जायच्या आधी, तो कणावर असतानाच पाहण्याची सोय जेम्स वेब दुर्बिणीने केली. ढगाच्या मागे असलेल्या ताऱ्याचा अवरक्त प्रकाश ढगातून गाळून येतो, तेव्हा बर्फातले रेणू त्यात आपापल्या रेषा सोडतात. लायडनच्या मेलिसा मॅक्क्लूर यांच्या गटाने सुमारे ६३० प्रकाशवर्षांवरच्या कमिलियन १ या ढगाकडे अशीच नजर लावली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की तिथल्या बर्फात पाणी, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, मिथेन आणि मिथेनॉल आहेत. त्या भागात अजून तारा जन्मलेलाही नाही. म्हणजे मिथेनॉल तयार व्हायला ताऱ्याची ऊब लागत नाही, हे साप्पोरोच्या बर्फाने दाखवलेलं चित्र आकाशातही दिसलं. २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाला नवजात ताऱ्यांभोवतीच्या बर्फात मद्यार्काची आणि बहुधा व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचीही खूण मिळाली.

यापुढचा प्रश्न सहजच मनात येतो. अशा बर्फात सजीवांना लागणारे घटकही तयार होतात का? २००२ मध्ये लायडन आणि नासाच्या एम्स केंद्रातल्या गटांनी कृत्रिम बर्फावर अतिनील किरण टाकून अमिनो आम्लं मिळवली. पुढे सर्वांत साधं अमिनो आम्ल असलेलं ग्लायसीन अतिनील किरणांशिवाय, फक्त गारठ्यात अणू जोडूनही तयार झालं. ६७पी या धूमकेतूजवळ रोझेटा यानाला ग्लायसीन मिळालं. बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या नमुन्यांत सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं असल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. मात्र इथे सावध राहायला हवं. बेन्नूवरची बरीचशी आम्लं त्याच्या मूळ ग्रहगोलातल्या पाण्यात, नंतर तयार झाली असण्याची शक्यता जास्त. धुळीच्या बर्फाने त्यांना कच्चा माल पुरवला, इतकंच खात्रीने म्हणता येतं. आणि तारकांमधल्या वायूत ग्लायसीन सापडल्याचा २००३ मधला दावा पुढच्या तपासणीत टिकला नाही.

या विषयात उतावीळपणाची उदाहरणं मोठ्या माणसांचीही आहेत. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९६२ मध्ये आंतरतारकीय धूळ ग्राफाइटची असावी असं सुचवलं. कार्बनी धुळीचा विचार त्यातून पुढे गेला. नंतर मात्र ते दोघं ही धूळ म्हणजे गोठलेले जिवाणू असल्याचं मांडू लागले आणि ते बहुतेकांना पटलं नाही. हॉइल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी निदान या वादाला प्रयोगाच्या कसोटीवर आणलं. त्यांच्या पुढाकाराने जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. २००५ मध्ये पुन्हा बलून पाठवला. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांत, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि हैदराबादला झालेल्या तपासणीतून, जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या. एकीला हॉइल यांचं नाव दिलं गेलं. ते जिवाणू अवकाशातून आले, असं मात्र सिद्ध झालं नाही. धुळीवर जीव असतो, याला पुरावा नाही. धुळीवर पाणी आणि मिथेनॉल तयार होतं, याला भक्कम पुरावा आहे, आणि आश्चर्य वाटायला तेवढं पुरेसं आहे.

त्या पाण्याचा माग तर थेट पृथ्वीपर्यंत काढता येतो. समुद्राच्या पाण्यात दर ६,४०० साध्या हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियम अणू असतो. ज्या वायूतून सूर्य घडला त्यात ड्यूटेरियमचं प्रमाण याच्या जेमतेम आठव्या हिश्शाइतकं होतं. अतिथंड ढगात ड्यूटेरियमचे सुटे अणू तुलनेने वाढतात, ते धुळीवर उतरतात आणि तिथल्या पाण्यात जड, म्हणजे ड्यूटेरियम असलेल्या, पाण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे जड पाणी हा गारठ्याचा शिक्का आहे. २०१४ मध्ये इल्से क्लीव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर हिशेब केला, तेव्हा एवढं जड पाणी नवजात सूर्याभोवतीच्या, ग्रह घडवणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीत नव्याने तयार होऊ शकत नाही, असं दिसलं. त्यातला बराच भाग सूर्याच्या आधीच्या ढगातूनच आला असला पाहिजे. २०२३ मध्ये जॉन टोबिन यांच्या गटाने अल्मा दुर्बिणीने मृग नक्षत्रातल्या, १,३०० प्रकाशवर्षांवरच्या व्ही ८८३ ओरायनिस या नवजात ताऱ्याभोवतीच्या तबकडीतलं पाणी मोजलं. जड पाण्याचं प्रमाण ढगातल्या पाण्याशी आणि आपल्या धूमकेतूंशी जुळलं. धुळीवर तयार झालेलं पाणी ग्रह घडतात तिथपर्यंत जसंच्या तसं पोचतं, याचा इतका थेट पुरावा पूर्वी मिळाला नव्हता.

ही धूळ पाहायला दुर्बीण लागत नाही. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात, शहराच्या दिव्यांपासून लांब एखाद्या गावी किंवा सह्याद्रीतल्या पठारावर अंधार पडताच आकाशगंगेचा पट्टा शोधावा. हंस तारकासमूह डोक्यावर, थोडा उत्तरेकडे असतो आणि धनू नैऋत्येला असते. हंसापासून धनूपर्यंत या पट्ट्याला मधोमध चिरत गेलेली काळी भेग म्हणजे हीच धूळ. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत वीस मिनिटं मोबाइल खिशातच ठेवावा.